देवदास बघून आपण नक्की कोणासाठी रडतो? थोडी पार्श्वभूमी

यंदा गणपतीत आमच्याकडे परत तेच झालं. इंदूरला सुदामानगरच्या घरी सगळे जमले होते, दुपारची जेवणं उरकली, कुठल्यातरी चॅनलवर २००२ चा 'देवदास' लागला होता आणि अर्ध्या तासात घरात सरळ दोन पार्ट्या पडल्या. काका म्हणतात दिलीपकुमार तो दिलीपकुमार, हे नुसते झुंबर आणि पडदे आहेत. काकू म्हणते असू द्या झुंबर, पण माधुरीसमोर कोणी उभं राहून दाखवा. हे भांडण आम्ही वीस वर्षं ऐकतोय, पाठ झालंय. पण यंदा माझी भाची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ती मोबाईलमधून मान वर करून म्हणाली, "आत्या, तो तिला कपाळावर मारतो, रक्त काढतो, आणि तुम्ही सगळे त्याच्यासाठीच रडता?" एकदम सगळे गप्प. काका सुद्धा.

तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, कारण तिला वाटतंय हा प्रश्न तिच्या पिढीने पहिल्यांदा विचारला आणि तसं नाहीये, हा प्रश्न खूप जुना आहे, आमच्याच घरात तो पेन्सिलीने लिहिलेला आहे.

आधी पुस्तकाचं बघू. शरच्चंद्र चट्टोपाध्याय म्हणजे आपले शरदबाबू, त्यांनी 'देवदास' विशीत असताना लिहिली आणि पुस्तक निघालं ते थेट १९१७ ला. मधली इतकी वर्षं ती तशीच पडून होती, छापायला ते स्वतःच फारसे राजी नव्हते. मराठी घरांमध्ये शरदबाबू पोचले ते बरेचसे मामा वरेरकरांमुळे, त्यांनी शरदबाबूंचं इतकं साहित्य मराठीत आणलं की आमच्या आजीच्या पिढीला ते बंगाली वाटतच नसत, खांडेकर-फडके यांच्याच ओळीत बसलेले. आजीकडे देवदासची मराठी प्रत होती, मूळ कव्हर कधीच गेलेलं, वर खाकी कागद, कडा तेलकट झालेल्या कारण ती स्वयंपाकघरात वाचायची.

या कादंबरीचं शेवटचं पान फार विचित्र आहे आणि माझ्या मते पुढचं सगळं तिथून सुरू होतं. देवदास पारोच्या (म्हणजे पार्वतीच्या, त्याच्या लहानपणच्या मैत्रिणीच्या, जिच्याशी त्याचं लग्न झालं नाही) सासरी, हातीपोत्याला, बैलगाडीतून येऊन तिच्या दारासमोरच्या झाडाखाली मरतो, पारोला कळतं तेव्हा सगळं संपलेलं असतं, ती वेड्यासारखी धावत सुटते आणि तिला धरून आत नेतात. आणि मग लेखक स्वतः आपल्याशी बोलायला लागतो. म्हणतो की पार्वतीचं आता काय झालं, ती कशी आहे मला माहीत नाही, तिची खबर घ्यावी असंही वाटत नाही, फक्त देवदाससाठी फार वाईट वाटतं. असा कोणी अभागी तुम्हाला भेटला तर त्याच्यासाठी प्रार्थना करा, मरताना निदान एखादा मायेचा हात त्याच्या कपाळाला लागो.

आजीने "खबर घ्यावी असंही वाटत नाही" याच्याखाली रेघ मारलीये आणि बाजूला पेन्सिलीने एकच शब्द लिहिलाय, "का?"

कपाळ हा शब्द लक्षात ठेवा, कारण त्याच कादंबरीत आधी एक कपाळ येऊन गेलेलं असतं. दुसरीकडे लग्न ठरल्यावर पारो घाटावर देवदासला चार शब्द सुनावते आणि तो हातातल्या मासे पकडायच्या काठीने तिच्या कपाळावर मारतो, वर म्हणतो चंद्रालाही डाग असतो. तो व्रण तिला जन्मभर राहतो. म्हणजे लेखक शेवटी ज्याच्या कपाळासाठी मायेचा हात मागतोय त्यानेच दुसऱ्या एका कपाळावर खूण करून ठेवलेली आहे, आणि तिची मात्र खबर घ्यावीशी वाटत नाही. शरदबाबू बायकांचं दुःख किती आतून लिहायचे हे वेगळं सांगायला नको, म्हणून तर ते वाक्य जास्त टोचतं.

पहिला देवदास १९२८ चा, मूकपट. पण लोकांना खरं वेड लागलं ते १९३५ पासून, प्रमथेश बरुआंनी न्यू थिएटर्समध्ये बंगालीत केला, स्वतःच देवदास झाले, आणि मागोमाग हिंदी आला कुंदनलाल सैगलचा. 'दुख के अब दिन बीतत नाहीं' आणि 'बालम आय बसो मोरे मन में'. तेव्हाच्या तरुणांनी सैगल आणि देवदास वेगळे ठेवलेच नाहीत, तसे केस, तसं उदास बघणं, आणि पुढे १९४७ ला अवघ्या ४२ व्या वर्षी सैगल गेले, दारूनेच शरीर पोखरलं होतं, तेव्हा तर पडद्यावरचं आणि खरं हे लोकांच्या मनात कायमचं एकच होऊन बसलं. आपल्या लताबाई, १९२९ ला इथे इंदुरातच सीख मोहल्ल्यात जन्मल्या, त्या लहानपणी सैगलच्या इतक्या भक्त होत्या की मोठी झाले की यांच्याशीच लग्न करणार म्हणायच्या. हे फार गोड आहे पण त्यातून कळतं की त्या आवाजाची पकड कशी होती, त्या आवाजात कोणी दुःख गायलं की समोरच्याला चूक-बरोबर काही सुचायचंच नाही.

पण एका माणसाला सुचलं आणि तो मराठी होता! व्ही. शांताराम देवदासने अस्वस्थ झाले, प्रेम तुटलं म्हणून आयुष्य दारूत बुडवायचं हे तरुणांनी डोक्यावर घ्यावं हे त्यांना पटलंच नाही, आणि प्रभातमधून १९३९ ला 'माणूस' आला तो त्याचं उत्तर म्हणून. लोक या सिनेमातलं 'कशाला उद्याची बात' गातात पण त्यामागे देवदास आहे हे विसरतात. साधा पोलीस शिपाई गणपत म्हणजे शाहू मोडक, आणि वेश्यावस्तीतली मैना म्हणजे शांता हुबळीकर. त्याला तिच्याशी लग्न करायचंय, घरी आणायचंय, होत नाही, ती तुरुंगात जाते, तो कोसळतो आणि तरी परत उभा राहतो. गंमत बघा, देवदासला नकार द्यायचा तर शांतारामबापूंनी पारोची नाही, चंद्रमुखीची, म्हणजे देवदासवर जीव टाकणाऱ्या कोठ्यावरच्या बाईची बाजू धरली, तिला अख्खी बाई केली, नुसती मधे येऊन जाणारी नटवी नाही. प्रेक्षकाला एखादी गोष्ट पटली नाही तर तो फार तर घरी येऊन चिडचिड करतो, यांनी सिनेमाच काढला. मला विचाराल तर देवदासवरची आजवरची सगळ्यात मोठी प्रतिक्रिया हीच, आणि तिचं नाव या वादात कोणी घेत नाही.

मग १९५५. बरुआंच्या हिंदी देवदासचा कॅमेरा ज्यांनी केला होता तेच बिमल रॉय आता दिग्दर्शक. दिलीपकुमार, पारो सुचित्रा सेन, तिचा पहिलाच हिंदी सिनेमा, चंद्रमुखी वैजयंतीमाला, देवदासचा मित्र चुनीलाल म्हणजे मोतीलाल, संगीत सचिनदेव बर्मन, गाणी साहिरची. आजीचं नुकतंच लग्न झालं होतं, राजवाड्याजवळच्या टॉकीजमध्ये सासूबाईंबरोबर बघितला, दोघी पदर तोंडाला लावून रडल्या आणि घरी येताना सासूबाई म्हणाल्या, त्या पारोच्या नवऱ्याचं काय चुकलं होतं गं? ही आजीने सांगितलेली गोष्ट मी कधी विसरत नाही, कारण तेव्हाही बायका टॉकीजमधून बाहेर पडताना फक्त देवदासचा विचार करत नव्हत्या हे त्यातून कळतं. दिलीपकुमारना तर अशा शोकांत भूमिकांचा इतका त्रास व्हायला लागला की डॉक्टरांनी हलकेफुलके रोल करा म्हणून सांगितलं.

यात एक सीन आहे, बोलणं काहीच नाही. पारो पालखीतून चाललीये, समोरून चंद्रमुखी पायी येतेय, दोघी एकमेकींकडे बघतात, ओळख नाही, आणि पालखी पुढे जाते. बस. पण अख्ख्या सिनेमात मला तोच सीन सगळ्यात मोठा वाटतो, कारण कादंबरीत या दोघी कधीच भेटत नाहीत, बिमलदांनी त्यांना एकमेकींसमोर आणलं आणि तरी भेटू दिलं नाही.

आणि मग ते अवॉर्ड. वैजयंतीमालांना चंद्रमुखीसाठी फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्रीचं अवॉर्ड जाहीर झालं आणि त्यांनी ते घेतलं नाही. म्हणाल्या माझी भूमिका सहायक नाही, पारोच्या बरोबरीची आहे. त्या काळात एका नटीने एवढं ठाम राहणं म्हणजे किती धाडस! जी बाई धंदा सोडते, खेड्यात जाऊन राहते, रस्त्यावर पडलेल्या माणसाला शोधून घरी आणते आणि त्याची सेवा करते, ती कोणाची सहायक? ४६-४७ वर्षांनी तीच भूमिका आपल्या माधुरी दीक्षितने केली, फिल्मफेअरने परत तेच सहायकचं अवॉर्ड दिलं, या वेळी ते घेतलं गेलं. माधुरीला दोष द्यायचा नाहीये, तिने जीव ओतलाय, पण कप्पा तोच राहिला याचं मला वाईट वाटतं.

२००२ च्या भन्साळींच्या देवदासबद्दल तर इंदूरमध्ये पानवाल्यापासून प्रोफेसरपर्यंत प्रत्येकाचं मत होतं. तेव्हाचा सगळ्यात महागडा हिंदी सिनेमा, आधी कान फिल्म फेस्टिव्हलला दाखवलेला. जुनी मंडळी चिडली की पारोचं साधं घर हवेलीएवढं कसं, देवदास कलकत्त्याहून यायचा तो लंडनहून का येतो, आणि पारो-चंद्रमुखी एकत्र नाचतात कशा. कपाळावरच्या व्रणाचं तर पूर्णच बदललं, काठी जाऊन हार आला, आणि तो व्रण प्रेमाची निशाणी म्हणून इतका सुंदर करून दाखवलाय की बघताना मारलंय हे जाणवत सुद्धा नाही, भाची जे बोलली ते यावरच आणि ती शंभर टक्के बरोबर आहे. कादंबरीत निदान तो मार मार म्हणूनच लिहिलाय. या बाबतीत मी काकूच्या पार्टीत नाही.

२००९ ला अनुराग कश्यपच्या 'देव डी' ने सगळं उलटं केलं, पंजाब आणि दिल्ली, पारो देवला तोंडावर ऐकवते आणि आपल्या संसारात खुश राहते, देव मरतच नाही, चंदाबरोबर, म्हणजे इथल्या चंद्रमुखीबरोबर निघून जातो. आमच्या घरात तो कोणी एकत्र बसून बघू शकलं नाही, पण पार्वती कशी आहे याचं सरळ उत्तर देणारा सिनेमा म्हणून मला तो आवडतो.

आता आजीचं एक सांगते आणि थांबते. २००२ चेच गणपती, कॉलनीच्या मंडळात माझ्या दोन चुलत बहिणींनी 'डोला रे' बसवलं होतं. पांढऱ्या साड्या लाल काठाच्या, एक मावशीची, एक शेजारच्यांकडून आणलेली, घुंगरू भाड्याचे, मागे कॅसेट. आजी पहिल्या ओळीत प्लास्टिकच्या खुर्चीवर. नाच संपला, सगळे टाळ्या वाजवतायत आणि आजी माझ्याकडे वळून मोठ्याने, "अगं पण या दोघी भेटल्या कुठे? पुस्तकात भेटतच नाहीत!" मी म्हटलं आजी सिनेमात भेटतात. ती काही बोलली नाही. आरती झाली, प्रसाद झाला, पोरी साड्या बदलायला निघाल्या तेव्हा तिने त्यांना हाक मारली आणि म्हणाली, "थांबा गं, सोडू नका साड्या, परत एकदा करा." कॅसेट मागे घेतली, परत लावली, आणि दुसऱ्यांदा नाच चालू असताना आजी पूर्ण वेळ डोळे पुसत होती.