कार्बनला कार्बन जोडणारा धातू

कोकणात आषाढात ग्रिन्यार अभिक्रिया, म्हणजे मॅग्नेशियमच्या मदतीने कार्बनला कार्बन जोडण्याची पद्धत, करून पाहिलेल्या विद्यार्थ्याला बाष्प म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. रत्नागिरीत शिकत असताना आम्ही चंबू ओव्हनमध्ये तासन्‌तास वाळवायचो, ईथरमध्ये मॅग्नेशियमची फीत सोडायचो, आयोडीनचा स्फटिक टाकायचो. पण बाहेर संततधार लागलेली असली की आयोडीनचा तपकिरी रंग काही केल्या जात नसे, म्हणजे अभिक्रिया सुरूच होत नसे. व्हिक्टर ग्रिन्यार यांना 1912 मध्ये ज्यासाठी नोबेल मिळाले, ती ही पद्धत आजही मोलाची आहे. मात्र तिच्यातील कार्बन इतका उतावीळ असतो की जवळपास पाणी असेल, तर दुसऱ्या कार्बनची वाट न पाहता तो पाण्यातील हायड्रोजनच उचलतो.

अकिरा सुझुकी आणि नोरियो मियाउरा यांनी 1979 मध्ये होक्काइडो विद्यापीठातून मांडलेली पद्धत या अडचणीतून सोडवते, आणि तिचे श्रेय पॅलेडियम या संक्रमण धातूच्या संकुलाकडे, म्हणजे भोवती इतर रेणू धरून ठेवलेल्या धातूच्या अणूकडे, जाते. तिच्यात जोडायच्या दोन कार्बनपैकी एक ब्रोमीनला आणि दुसरा बोरॉनला जोडलेला असतो. बेंझीनच्या कड्यातील कार्बन आणि ब्रोमीन यांचा बंध सहसा कोणाला दाद देत नाही. शून्य संयुजा अवस्थेतील पॅलेडियम मात्र आपले दोन इलेक्ट्रॉन देऊन नेमका त्या बंधात शिरतो. मग अल्कलीच्या मदतीने बोरॉनवरचा दुसरा कार्बन ब्रोमीनच्या जागी धातूवर येतो. एकाच अणूवर शेजारी आलेले दोन कार्बन एकमेकांशी बंध जुळवून निघून जातात, आणि पॅलेडियम दिलेले इलेक्ट्रॉन परत घेऊन पुढच्या जोडीसाठी मोकळा होतो. म्हणूनच शंभर रेणूंमागे त्याचा एखादा अणू, पुष्कळदा त्याहूनही कमी, पुरतो. येथे पाण्याचे भय नाही. पाणी, अल्कोहोल आणि धुण्याचा सोडा यांच्या मिश्रणातही काम होते, आणि बोरॉनची बरीचशी संयुगे साध्या बाटलीत भुकटीच्या रूपात राहतात.

भय आहे ते ऑक्सिजनचे. ट्रायफेनिलफॉस्फीन या फॉस्फरसच्या संयुगाचे चार रेणू धारण केलेले पॅलेडियमचे संकुल ताजे असताना हळदीसारखे पिवळे दिसते. झाकण नीट लागले नाही, तर ते मळकट तपकिरी होते. अभिक्रियेत हवा शिरली की फॉस्फीनचे ऑक्सिडीकरण होते, आधार गेलेले पॅलेडियमचे अणू एकमेकांना चिकटतात आणि काचेवर काळी पुटे चढतात. फॉस्फीन हा धातूचा नुसता सोबती नव्हे, तोच त्याला द्रावणात कामाचा ठेवतो, हे मला पुस्तकापेक्षा त्या काळ्या काचेने अधिक चांगले पटवले. त्यामुळे नायट्रोजनचा प्रवाह सोडूनच काम करावे लागते.

पॅलेडियमच्या मदतीने कार्बन जोडण्याच्या अशा पद्धतींसाठी रिचर्ड हेक, एइ-इची नेगिशी आणि सुझुकी यांना 2010 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लोसार्टन ही रक्तदाबाची गोळी घराघरांत घेतली जाते. तिच्यातील बेंझीनची दोन कडी जोडण्यासाठी सुझुकींची ही पद्धत कारखान्याच्या पातळीवर वापरली गेली. लोटे परशुरामसारख्या रासायनिक वसाहतींच्या पट्ट्यात वाढलेल्या मुलांनी हे जरूर जाणून घ्यावे, असे मला मनापासून वाटते. अशा औषधात धातूचा लवलेशही मोजावा लागतो: तोंडावाटे दिवसाला 100 मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक पॅलेडियम पोटात जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे, म्हणून जोडणी संपल्यावर सक्रिय कोळशासारख्या शोषकातून द्रावण गाळून तो बाहेर काढला जातो.