‘से’ दिला म्हणजे कैफियत दिली असं नाही

फोर्टच्या किंवा दिंडोशीच्या शहर दिवाणी न्यायालयात आपल्यावर दावा झाला, की हातात बहुधा कागदांचे दोन गठ्ठे पडतात. एकात समन्स आणि दाव्याची नक्कल. दुसऱ्यात ‘नोटीस ऑफ मोशन’, म्हणजे तात्पुरत्या मनाईसारख्या दादेचा अर्ज, आणि तिच्या पुष्ट्यर्थ केलेलं प्रतिज्ञापत्र. भांडणाची हकिकत दोन्हीकडे तीच, वाक्यंसुद्धा पुष्कळदा तीच. त्यामुळे वकील न लावता स्वतः उभं राहणाऱ्याला वाटतं, उत्तरही एकच द्यायचं आहे. माझ्या बाबांना तसंच वाटलं होतं.

चाळीतल्या सामायिक गॅलरीवरून शेजाऱ्याने दावा लावला होता. मोशनची तारीख आठ दिवसांवर आलेली. बाबांनी दोन रात्री जागून उत्तर लिहिलं, शपथेवर सही केली, दाखल करून आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतला. शेजाऱ्याला मनाई हुकूम मिळाला नाही. घरात पेढे आले. पुढे काही महिन्यांनी कळलं, की दाव्यात ‘नो डब्ल्यूएस’चा आदेश झालाय. म्हणजे दावा आता बाबांच्या कैफियतीविनाच, दाव्यावरच्या लेखी उत्तराविनाच, पुढे जाणार होता.

बाबांनी दिलं होतं ते मोशनवरचं म्हणणं. कोर्टात सगळे त्याला ‘से’ म्हणतात, मुंबईत ‘ॲफिडेव्हिट-इन-रिप्लाय’सुद्धा. द्यायची राहिली होती ती दाव्यावरची कैफियत, म्हणजे रिटन स्टेटमेंट (डब्ल्यूएस).

मोशन म्हणजे दावा निकाली निघेपर्यंत मागितलेली तात्पुरती दाद. तालुक्याच्या कोर्टात असा मनाईचा अर्ज बहुतेक वेळा ‘निशाणी ५’ असतो, आणि मुंबई उच्च न्यायालयात आता ‘इंटरिम ॲप्लिकेशन’ म्हणतात. नावं वेगळी असली तरी न्यायाधीश पाहतात त्या तीनच गोष्टी: वादीची केस प्रथमदर्शनी उभी राहते का, मनाई दिल्याने किंवा न दिल्याने जास्त गैरसोय कोणाची होईल, आणि पैशाने भरून न येणारं नुकसान होणार आहे का. ‘से’ या तीन गोष्टींना धरून लिहावा. आजोबांच्या काळापासूनची सगळी कहाणी त्यात ओतली, तर मुद्दा शोधायला न्यायाधीशांनाच पानं उलटावी लागतात. गॅलरीतला जुना पत्रा, त्याचा फोटो, तेव्हाची भाडेपावती एवढं पुरतं. ‘से’ शपथेवर असतो, म्हणून घरून सही करून नेऊ नका. सही शपथ देणाऱ्या अधिकाऱ्यासमोर करायची, आणि मूळ ओळखपत्र जवळ ठेवायचं.

कैफियतीचं काम वेगळं आणि जास्त जोखमीचं आहे. दाव्याच्या प्रत्येक परिच्छेदाला त्याच क्रमाने उत्तर द्यायचं. मराठी कैफियतीत ठरलेली भाषा असते: ‘परिच्छेद ४ मधील मजकूर खरा नाही व प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ ती रटाळ वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८, नियम ५ प्रमाणे जी गोष्ट तुम्ही स्पष्ट नाकारली नाही ती कबूल केली असं धरता येतं. नियम ४ त्याहून बारीक आहे. वादी म्हणतो, दोन लाख दिले. तुम्ही लिहिलंत, ‘दोन लाख मिळाले हे खोटं आहे.’ मग दीड मिळाले होते का? हा प्रश्न तुम्हीच उघडा ठेवलात. ‘दोन लाख किंवा त्यातला कोणताही भाग मिळालेला नाही’ असंच लिहायला हवं. दावा मुदतबाह्य आहे, पैसे आधीच फेडलेत, असे बचावही इथेच स्पष्ट मांडायचे. आपली उलट मागणी असेल तर तीही इथेच, आणि आधाराच्या कागदांची यादी सोबत.

मुदतीत तर दोन्हींची गल्लत करूच नका. ‘से’ मोशनच्या तारखेला धरून चालतो आणि ती तारीख लवकर येते, म्हणून सगळी धावपळ त्याच्यामागे होते. कैफियतीचे दिवस मात्र समन्स हातात पडल्यापासून मोजतात: ३० दिवस, आणि न्यायालयाने कारणं नोंदवून वाढवले तर ९० पर्यंत. साध्या दाव्यात त्यानंतरही अपवाद म्हणून कैफियत घेता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कैलास विरुद्ध नन्हकू खटल्यात म्हटलंय. दावा व्यावसायिक स्वरूपाचा असेल तर १२० दिवसांनंतर तो हक्क संपतो. समन्स मिळाल्याची तारीख त्याच पाकिटावर पेनाने लिहून ठेवा.

एकच मजकूर दोन्हीकडे चालतो का? चालतो. ‘हीच कैफियत मोशनवरचं म्हणणं म्हणून वाचावी’ अशी पुरसिस, म्हणजे कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन, वकील नेहमी देतात. कैफियत लवकर तयार होणार असेल तर हा चांगला मार्ग आहे. उलट बाजूने, म्हणजे ‘से’लाच कैफियत माना अशी पुरसिस देणं मला धोक्याचं वाटतं, कारण घाईत लिहिलेल्या ‘से’मध्ये परिच्छेदवार नकार नसतोच.

कोणता कागद कशाचा, हे मथळ्यावरून ओळखता येतं. ‘से’वर आधी मोशनचा नंबर असतो, त्याखाली दाव्याचा. कैफियतीवर फक्त दाव्याचा. बाबांच्या शिक्का मारलेल्या प्रतीवर दोन नंबर होते. आम्ही ते नीट पाहिले आदेश झाल्यावर.

तो आदेश रद्द करायला अर्ज द्यावा लागला, उशीर माफ करण्याची विनंती करावी लागली, दंड म्हणून वादीला खर्च द्यावा लागला. त्या वेळी आई पुढे झाली. तीही दाव्यात प्रतिवादी होती, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. तिला मिळालेल्या वकीलबाईंनी बाबांचा ‘से’ वाचला, दाव्याची नक्कल शेजारी ठेवली आणि पेन्सिलने समासात खुणा करत गेल्या. दाव्यात एकवीस परिच्छेद होते. बाबांनी त्यातल्या सहांनाच उत्तर दिलं होतं.