गरोदरपणातील संशयास्पद तिळांची तपासणी

गरोदर स्त्रीच्या त्वचेवरील तीळ बदलल्यास तो मेलानोमा (रंगद्रव्य पेशींचा कर्करोग) आहे किंवा कसे, हे ठरविण्याची पद्धती.

गरोदरपणात वांग येतो, पोटावरील मध्यरेषा व स्तनाग्रांभोवतीचे वलय गडद होते. त्यावरून तीळही काळवंडतात व वाढतात, असा समज रूढ झाला असावा. छायाचित्रांच्या आधारे केलेल्या पाहण्यांत पाठीवरील तिळांच्या व्यासात लक्षणीय फरक आढळला नाही. पोट व स्तनांवरील तीळ त्वचा ताणली गेल्याने मोठे होतात, परंतु त्यांचा आकार बहुधा प्रमाणबद्ध राहतो. डर्मोस्कोपीत (भिंगाच्या उपकरणाने केलेल्या त्वचेच्या पाहणीत) दिसणारे किरकोळ बदल प्रसूतीनंतर सहसा ओसरतात.

गरोदरपण मेलानोमाला बळ देते काय, हा जुना वाद आहे. पॅक व शार्नागेल या संशोधकांनी १९५१ मध्ये मोजक्या रुग्णांवरून प्रतिकूल निष्कर्ष मांडला. पुढे गर्भपात व संततिनियमनाची शस्त्रक्रियाही सुचविली गेली. त्या काळी गाठीची जाडी मोजली जात नसे. जाडी मोजण्याचे ब्रेस्लो यांचे माप १९७० मधले. स्वीडनमधील नोंदींच्या २००४ च्या अभ्यासात १८५ गरोदर स्त्रियांची तुलना इतर स्त्रियांशी केली असता जगण्याच्या प्रमाणात उल्लेखनीय फरक दिसला नाही. नंतरच्या काही एकत्रित विश्लेषणांत मृत्यूचे प्रमाण किंचित अधिक आढळते, मात्र त्यांत प्रसूतीनंतरचा काळ कमीअधिक धरलेला आहे. रोगाचे भवितव्य मुख्यतः जाडी व टप्प्यावर ठरते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. म्हणूनच निदान प्रसूतीपर्यंत लांबविणे घातक ठरते.

दोन्ही अर्धे असमान, कडा वेड्यावाकड्या, रंग अनेक, व्यास ६ मिमी.पेक्षा अधिक, सतत बदल ही लक्षणे पाहतात. इतर तिळांहून वेगळा दिसणारा तीळही संशयास्पद मानतात. भारतीयांत तळपाय, तळहात व नखांखालचा मेलानोमा तुलनेने अधिक आढळत असल्याने या जागा आवर्जून तपासाव्यात. तळव्यावरील डागाचा रंग डर्मोस्कोपीत रेषांमधील खाचांत असेल तर तो बहुधा निरुपद्रवी, उंचवट्यांवर असेल तर चिंताजनक. हिरड्यांवर वा बोटांवर झपाट्याने वाढणारी, सहज रक्त येणारी लाल गाठ गरोदरपणात बहुधा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा (रक्तवाहिन्यांची निरुपद्रवी वाढ) असते. रंगहीन मेलानोमाही तसाच दिसतो, म्हणून काढलेली गाठ तपासणीस पाठवितात.

संशय असल्यास कोणत्याही महिन्यात बायोप्सी करता येते. भोवतालची १ ते ३ मिमी. त्वचा व खालची चरबी यांसह तीळ संपूर्ण काढतात. वरवर खरवडल्यास खोली मोजता येत नाही; चुना लावल्याने वा लेसरने जाळल्याने पुरावाच नष्ट होतो. भुलीसाठी लिग्नोकेन चालते (कमाल मात्रा : ॲड्रेनॅलिनविना दर किग्रॅ. वजनामागे ४.५ मिग्रॅ.). आयोडीनऐवजी क्लोरहेक्सिडीन वापरणे बरे. विसाव्या आठवड्यानंतर स्त्रीला डाव्या कुशीकडे कलते ठेवतात, अन्यथा गर्भाशयाच्या दाबाने महानीला (हृदयाकडे रक्त नेणारी मोठी नीला) दबून रक्तदाब घसरतो. वेदनेसाठी पॅरासिटामॉल देतात. पोटावरील व्रण त्वचेच्या ताणाने रुंदावतो, याची कल्पना आधी द्यावी. नमुन्यासोबत गरोदरपणाचा उल्लेख हवाच. या काळात साध्या तिळातही पेशीविभाजन वाढलेले दिसू शकते.

मेलानोमा ठरल्यास १ मिमी.पर्यंतच्या जाडीला १ सेंमी., तर २ मिमी.पुढे २ सेंमी. कड ठेवून पुन्हा छेद घेतात. पहारेकरी लसीका ग्रंथीच्या (कर्करोग प्रथम जिच्यात पसरतो त्या ग्रंथीच्या) तपासणीत टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य अल्प मात्रेत वापरता येते. मेथिलीन ब्लू हा निळा रंग टाळतात. वारेपर्यंत (प्लॅसेंटापर्यंत) पसरणाऱ्या कर्करोगांत मेलानोमा सर्वाधिक आढळतो, तरी एकंदरीत ही घटना विरळाच. रोग दूरवर पसरलेला असेल तर वार सूक्ष्मदर्शकाखाली तपासून नवजाताच्या त्वचेची पाहणी करतात.