क्रेव्हन, पीटर
(२१ जून १९३४ – २४ सप्टेंबर १९६३). इंग्लंडचा स्पीडवे मोटारसायकलस्वार, १९५५ आणि १९६२ चा जगज्जेता. जन्म लिव्हरपूलचा.

क्रेव्हनचे वेगळेपण कळायला आधी त्याची गाडी समजून घ्यावी लागते. स्पीडवेच्या मोटारसायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच. क्रेव्हनच्या काळात बहुतेकांकडे जॅप बनावटीचे, मिथेनॉलवर चालणारे ५०० सीसीचे इंजिन असे. चार स्वार लंबवर्तुळाकार ट्रॅकवर घड्याळाच्या उलट दिशेने चार फेऱ्या मारतात. वळणावर मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरवायचे, पुढचे उजवीकडे वळवून धरायचे आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीवर फरफटवत गाडी सावरायची. वेग आवरायचा तोही या घसरण्यातूनच. शर्यत मिनिट-सव्वा मिनिटात आटोपते. पहिल्या तिघांना ३, २, १ असे गुण, चौथ्याला काहीच नाही.

अशा गाडीला अंगबळाने काबूत ठेवणारे धिप्पाड स्वार पुष्कळ होते. क्रेव्हन अंगाने लहानखुरा, त्यामुळे ती वाट त्याला बंदच होती. तो गाडीशी झुंजत नसे. शरीराचा भार पुढे-मागे, आत-बाहेर सरकवत तिला वळवत असे. चाहते त्याला ‘तोलाचा जादूगार’ म्हणत, आणि ही पदवी अतिशयोक्तीची वाटत नाही.

सुरुवात लिव्हरपूलच्या संघातून. पण नाव झाले ते मँचेस्टरच्या बेल व्ह्यू संघाकडून. प्राणिसंग्रहालय आणि जत्रेतल्यासारखे पाळणे असलेल्या एका मोठ्या करमणूक उद्यानातच या संघाचा हाइड रोडचा ट्रॅक होता. क्रेव्हन शेवटपर्यंत त्याच संघाचा राहिला.

जागतिक अंतिम स्पर्धा तेव्हा सहसा लंडनला वेम्बलीत, एकाच रात्री होई. १६ स्वार, प्रत्येकाच्या पाच शर्यती. म्हणजे जास्तीत जास्त १५ गुण. १९५५ मध्ये २१ वर्षांच्या क्रेव्हनने १३ गुणांवर न्यूझीलंडच्या रॉनी मूर आणि बॅरी ब्रिग्ज यांना मागे टाकले. १९६० मध्ये स्वीडनचा ओव्हे फुंडिन, मूर आणि तो असे तिघे १४ गुणांवर बरोबरीत आले; निर्णायक शर्यतीत क्रेव्हन तिसरा आला. दोन वर्षांनी तेवढ्याच १४ गुणांनी त्याला दुसरे विजेतेपद दिले. वेल्सच्या फ्रेडी विल्यम्सने त्याआधी ब्रिटनसाठी दोनदा हा मान मिळवला होता; इंग्रजांत मात्र दोनदा जिंकणारा क्रेव्हन पहिला, आणि तसे करणारा दुसरा इंग्रज, टाय वॉफिंडेन, थेट २०१५ मध्ये.

२० सप्टेंबर १९६३ रोजी एडिंबरोच्या ओल्ड मेडोबँक मैदानावर बेल व्ह्यूचा सामना होता. यजमान संघाचा जॉर्ज हंटर पुढ्यात पडला. त्याला वाचवण्यासाठी क्रेव्हनने गाडी बाजूला घातली आणि तो कुंपणावर आदळला. चार दिवसांनी तो मरण पावला, वय २९. त्याच हंगामात बेल व्ह्यूने लीगचे विजेतेपद पटकावले. पुढे मँचेस्टरमध्ये त्याच्या नावाने स्मृतिकरंडकाच्या शर्यती होऊ लागल्या.