रेंज गेली तरी उपग्रह बोलत असतात

डांबरी रस्ता संपून गाडी कच्च्या वाटेला लागली, टॅबलेटवरची रेंज गेली, की कुणीतरी म्हणतंच, "आता जीपीएस बंद." हा गैरसमज आहे. जीपीएसला मोबाइलचा टॉवर लागत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरचे उपग्रह सतत वेळ सांगत असतात आणि टॅबलेट ती नुसती ऐकतो, त्यांना उलट काहीच पाठवत नाही. पडदा कोरा दिसतो, कारण नकाशा इंटरनेटवरून येत होता. त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून घेतला की तो प्रश्न मिटला.

मग रेंज नसताना आपला ठिपका दिसायला इतका वेळ का लागतो? मला यातली सर्वात सुंदर गोष्ट इथेच दिसते.

सिग्नल यायला लागलेल्या वेळेवरून उपग्रहाचं अंतर निघतं. एक मायक्रोसेकंद चुकला, तर ३०० मीटर चुकले. उपग्रहावर अतिशय अचूक अणुघड्याळ असतं, टॅबलेटमध्ये साधं क्वार्ट्झचं, थोडंफार चुकणारं. म्हणून अक्षांश, रेखांश, उंची आणि आपल्या घड्याळाची चूक अशा चार अज्ञातांसाठी चार उपग्रह लागतात. पण त्या क्षणी उपग्रह नेमका कुठे होता, हेही कळायला हवं. ते तो स्वतःच सांगतो, सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने! संदेशाची एक चौकट १,५०० बिटांची, म्हणजे ३० सेकंदांची. तिचे सहा-सहा सेकंदांचे पाच भाग असतात. पहिल्यात घड्याळाची दुरुस्ती, पुढच्या दोनांत कक्षेचा तपशील. उरलेल्या दोनांत मुख्यतः सगळ्या उपग्रहांचं ढोबळ पंचांग, म्हणजे कोणता उपग्रह साधारण कुठे असेल ही माहिती, तुकड्यातुकड्यांनी येतं आणि ते पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटं लागतात. कक्षेचा भाग चालू असताना मध्ये कडा किंवा दाट झाड आलं, तर तो भाग वाया जातो आणि पुढच्या चौकटीची वाट पाहावी लागते.

रेंज असते तेव्हा हाच तपशील नेटवरून क्षणात मिळतो. टॉवरची मदत होते ती इथे. कक्षेची माहिती साधारण चार तास चालते. त्यामुळे रेंज जाण्याआधीच ठिपका मिळवून ठेवावा. नाही जमलं, तर मोकळ्या आभाळाखाली गाडी मिनिटभर उभी करावी.

'जीपीएस बूस्टर' म्हणून मिरवणाऱ्या ॲप्सच्या नादी लागू नका. आभाळातून येणारा क्षीण सिग्नल कुठलंही सॉफ्टवेअर मोठा करू शकत नाही.

खरी अडचण वेगळीच असू शकते. फक्त वाय-फाय असलेल्या बऱ्याच टॅबलेटांत जीपीएसची चिपच नसते. अशा आयपॅडमध्येही ती नाही. ते आजूबाजूच्या वाय-फायवरून जागेचा अंदाज बांधतात आणि रानात वाय-फाय कुठून येणार? ब्लूटूथने जोडायचा वेगळा रिसीव्हर मिळतो, तो घ्यावा. निघण्याआधी वाय-फाय आणि मोबाइल डेटा बंद करून उघड्यावर थोडं चालून पाहा. ठिपका तुमच्याबरोबर सरकला, तर चिप आहे.