आधी हात बोलले का तोंड?

हाळी हंडरगुळीसारख्या बैलबाजारात जुने व्यापारी रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून सौदा करतात, शेजारच्याला भावाचा पत्ता लागत नाही. भाषा हातापासूनच सुरू झाली असं सांगायला हे उदाहरण लई सोपं, पण चालत नाही, कारण ती बोटं म्हणजे आकडे आणि आकडे आधी तोंडानं शिकलेले.

खरा पुरावा दुसरीकडंय. जन्मापासून आंधळी माणसंसुद्धा बोलताना हात हलवतात, समोरचाही आंधळा आहे हे माहीत असलं तरी, म्हणजे ही बघून उचललेली सवय नाही. चिंपांझीचं बघा. विकी नावाच्या चिंपांझीला घरात लेकरासारखं वाढवून बोलायला शिकवलं तर वर्षानुवर्षं खपून जेमतेम ४ शब्द आले, आणि १९६६ पासून वॉशो नावाच्या दुसऱ्या चिंपांझीला अमेरिकन साइन लँग्वेज, म्हणजे तिकडच्या कर्णबधिरांची खुणांची भाषा, शिकवली तर तिनं १०० च्या वर खुणा उचलल्या. त्याला भाषा म्हणायचं का ह्यावर अजून भांडणं चालूच आहेत, ते सोडा.

मला सगळ्यात भारी वाटते ती मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशाची गोष्ट. १९७७ मध्ये तिथल्या राजधानीत, मनाग्वात, स्पेशल शाळा निघाली आणि घरोघरी एकटी पडलेली कर्णबधिर पोरं पहिल्यांदा एका जागी आली. मास्तर ओठ वाचायला अन् स्पॅनिश शिकवायचे, ते काही डोक्यात शिरंना, पण पोरं आपसात घरच्या खाणाखुणा मिसळत गेली आणि कुणी न शिकवता नवी भाषा उभी राहिली. ह्या भाषेच्या अभ्यासक अ‍ॅन सेंघास आणि सोबत्यांनी २००४ मध्ये छापलेला अभ्यास असा: कार्टूनमधलं मांजर उतारावरून गडगडत जातं, ते सांगा. ऐकू येणारी माणसं बोलता बोलता हातानं गडगडणं आणि खाली जाणं एकाच झोकात दाखवतात, पहिल्या बॅचची पोरंही बरीचशी तसंच. नंतरच्या बॅचची मात्र आधी गडगड, मग खाली, अशा दोन खुणा करतात. नकलेचे असे सुटे तुकडे झाले की तेच तुकडे दुसऱ्या वाक्यात लावता येतात, व्याकरण इथूनच सुरू होतं की.

आता हात एवढे हुशार तर गाडी तोंडाकडं वळली कशाला? मानसशास्त्रज्ञ मायकेल कॉर्बालिससारखे लोक हातच आधी मानायचे. हातात काम असलं किंवा अंधार पडला की आवाजच कामी येतो, हे कारण नेहमी दिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. चिंपांझी हातवारे करतात तसे ओरडतातही, त्यामुळं दोन्ही पहिल्यापासून बरोबर चालले असणार आणि आवाजाचा वाटा हळूहळू वाढला असणार, पण हातवारे काय आवाज काय, दोन्ही खणून निघत नाहीत, म्हणून हा वाद मिटंना.