ड्युरंटची कारकीर्द त्या दिवशी संपली नव्हती

स्कॉटलंडच्या रेंजर्स फुटबॉल क्लबचा मिडफिल्डर इयन ड्युरंट म्हटलं की एकच गोष्ट सांगितली जाते: ऑक्टोबर १९८८, पिटोड्री मैदान, प्रतिस्पर्धी अॅबर्डीनच्या नील सिम्पसनचा तो भयंकर टॅकल, आणि अवघ्या २१व्या वर्षी खेळ खलास. टॅकल खरा. गुडघ्याचे लिगामेंट फाटले, हेही खरं. पण ‘खलास’ साफ खोटं.

अडीच वर्षं शस्त्रक्रिया आणि पुनर्वसनात गेली. १९९१मध्ये तो परतला. १९९२-९३ हा रेंजर्सचा तिहेरी विजेतेपदांचा हंगाम. त्यातच युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये फ्रान्सच्या मार्सेल क्लबच्या मैदानावर १-१ अशी बरोबरी साधणारा गोल ड्युरंटचाच. मार्सेल पुढे स्पर्धा जिंकलं, म्हणजे गोल काही ऐऱ्यागैऱ्या संघावर नव्हता!

१९९८मध्ये तो किलमार्नॉक या दुसऱ्या स्कॉटिश क्लबकडे गेला आणि तिथं असताना स्कॉटलंडकडूनही पुन्हा खेळला. एकूण २० आंतरराष्ट्रीय सामने. दुखापतीनं त्याचं नुकसान केलंच, पूर्वीचा सुसाट वेग परत आला नाही असं त्याला आधीपासून पाहणारे सांगतात. तो धडधाकट राहिला असता तर कुठवर गेला असता, यावर खुशाल वाद घाला. फक्त पुढची दहाएक वर्षं खोडून टाकू नका.